गोळधाण्याच्या आधी

पौलोमी पाण्याचा जग घेऊन नैषधच्या खुर्चीला अगदी खेटून उभी होती, आणि नैषध टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसलेल्या कुमुदबेनना म्हणाला, “फोई, जरा पाणी मिळेल का?”

कुमुदबेन म्हणजे पौलोमीची फोई, तिच्या वडिलांची, उपेंद्रची, थोरली बहीण. तिने तोंडातला अळूच्या पात्र्याचा घास गिळला आणि म्हणाली, “अरे भल्या माणसा, जग तुझ्या कानाशी उभा आहे की. लग्नाआधीच दिसेनाशी झाली का ही तुला?” सगळे हसले. नैषधही हसला. वर न बघता त्याने पेला बोटभर पुढे सरकवला. पौलोमीने पाणी ओतलं, थोडं टेबलावर सांडलं, आणि तीच सगळ्यांत जास्त वेळ हसत राहिली. झाऱ्यावर गरम पुऱ्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या तिच्या आईला, हर्षिदाला, ते हसणं ऐकू आलं. बाहेर अहमदाबादचं मे महिन्यातलं ऊन पेटलं होतं, आत गॅसपाशी उभं राहून तिचा ब्लाउज पाठीला चिकटला होता, तरी तिला थंडी वाजल्यासारखं झालं. हे हसणं तिच्या ओळखीचं होतं. मुलीचं म्हणून नाही. ते तिचं स्वतःचं होतं.

घडलं तसं काहीच नव्हतं. रसाची दुसरी वाटी घेताना पौलोमी म्हणाली होती, “फोई, तुम्हाला माहितीय, हा साइटवर पंधरा-पंधरा मजल्यांच्या बांबूवर चढतो, पण पाल दिसली की खुर्चीवर. परवा ऑफिसात याच्या प्यूननेच मला सांगितलं.” उपेंद्रसुद्धा हसला होता, जो फारसा हसत नाही. नैषध म्हणाला होता, “पालीचा काय भरवसा, अंकल.” छान म्हणाला होता. आणि मग त्याने चमचा वाटीत सरळ ठेवला. बस्, इतकंच. त्यानंतर तो उपेंद्रशी नव्या पुलाबद्दल बोलला, कुमुदबेनना गुडघ्यांबद्दल विचारलं, हर्षिदाला म्हणाला, “आंटी, असा आंब्याचा फजेतो मी कुठेच खाल्ला नाही.” आवाजात राग नाही, कपाळावर आठी नाही. फक्त पौलोमी जिथे उभी होती तिथे त्याच्यासाठी मोकळी हवा होती. तिने विचारलं, “पुरी?” तेव्हा तो उपेंद्रला सांगत होता की पुलाचा चौथा खांब खरं तर वेगळ्या जागी हवा होता. तिने पुन्हा विचारलं नाही. पुरी त्याच्या ताटात ठेवली. ती त्याने खाल्ली नाही, बाजूलाही केली नाही.

हर्षिदा गॅसकडे वळली. तेल तापून धुरावलं होतं. इतकी वर्षं झाली तरी आबूहून परतायची ती बस तिला जशीच्या तशी आठवते. खिडक्यांना निळे पडदे, आणि पुढच्या सीटवर एक मारवाडी बाई, जी सारखी सुपारी कातरत होती. लग्नाला पंधरवडा झाला असेल नसेल. आबूला उपेंद्रचा एक मित्र बायकोसह भेटला होता. चहा पिताना हर्षिदा त्या बायकोला सहज बोलून गेली की यांनी शाल घेतली खरी, पण दुकानदाराने चक्क गंडवलं, शेजारच्या दुकानात निम्म्या भावात होती. चौघेही हसले. बसमध्ये बसल्यावर तिने उपेंद्रला विचारलं, “खिडकी लावू का?” उत्तर नाही. तिला वाटलं, ऐकू आलं नसेल. मग वाटलं, बस लागत असेल. तिने पर्समधून बडीशेप काढून दिली, त्याने हात पुढे केला नाही. तिने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला, तेव्हा त्याने डोकं अगदी हळू बाजूला घेतलं, खांद्यावर बसलेली माशी उडवावी इतपत. पालनपूरपर्यंत ती आपण काय केलं ते शोधत होती. महेसाण्याला तिला शाल आठवली. तिने माफी मागितली, दोनदा, तीनदा, पुढची बाई सुपारी कातरायची थांबून ऐकायला लागली तोवर. घरी पोचल्यावर उपेंद्र बांशी, म्हणजे आईशी, इतकं गोड बोलला की बा म्हणाल्या, “माझा मुलगा तर हसरा होऊन आला. काय जादू केलीस गं?” आणि त्यापुढचे दिवस. तिला जेवण जायचं नाही. रात्री कूस बदलताना पलंग वाजू नये म्हणून ती श्वास धरून वळायची. मग एका सकाळी दाढी करता करता तो आरशातून म्हणाला, “आज ऊन फार नाहीये, नाही?” इतकंच. आणि तिच्या अंगातून असं काही वाहिलं की तिला भिंतीला टेकावं लागलं. आयुष्यात इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. तिने त्या दिवशी मोहनथाळ केला. माहेरी बहिणीला पत्रात लिहिलं, मला आता कळलं प्रेम म्हणजे काय ते.

“भाभी, पुऱ्या जळतायत,” कुमुदबेन बाहेरून म्हणाली.

जेवणं झाल्यावर नैषध आणि उपेंद्र बाल्कनीत जाऊन झोपाळ्यावर बसले. पडदा अर्धा ओढलेला, कूलरची घरघर. हर्षिदाला दोघांच्या पाठीच तेवढ्या दिसत होत्या, एक पांढऱ्या सदऱ्याची आणि एक निळ्या शर्टाची, सारख्याच ताठ. झोपाळ्याला दोघे पायाने सारखाच रेटा देत होते. कुमुदबेन मुखवासाची डबी घेऊन आत आली. “किती शांत मुलगा आहे. अगदी आमच्या उपेंद्रसारखा. पोरगी नशीब घेऊन आली बघ, तुझ्यासारखंच. आमच्या घरात पाहा, तुझे नणदोई दिवसातून चार वेळा आरडाओरडा करतात आणि पाचव्या वेळी चहा मागतात.” ती हसली. कुमुदबेनचा नवरा खरंच ओरडायचा. हर्षिदाने ऐकलं होतं, आणि कुमुदबेन त्याच्याहून मोठ्याने ओरडायची, आणि मग दोघं टीव्हीसमोर एका ताटलीतून भाजलेले शेंगदाणे खायची. हर्षिदाला त्या घरी गेलं की झोप यायची. भर दुपारी, सोफ्यावर, गोंगाटात. तिने कधी यावर विचार केला नव्हता.

पौलोमी भांडी घेऊन आली. ती एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती, दिवसभर लोकांचे अडकलेले खांदे सोडवायची, बोटं मजबूत होती तिची. आता त्या बोटांनी ती एकच वाटी पुन्हा पुन्हा विसळत होती. “मम्मी,” ती हलकेच म्हणाली, “तो जरा गप्प वाटला का गं तुला?”

“ऊन आहे,” हर्षिदा म्हणाली. “एवढा रस खाल्ल्यावर माणूस सुस्तावतो.”

“हो ना. मलापण तेच वाटलं.” आणि तिच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती हर्षिदाने पाहिली. आपण हे काय बोललो. इतक्या सहज. हे वाक्य तिच्या जिभेवर वर्षानुवर्षं तयार होतं: ऊन आहे, ऑफिसात काम फार आहे, त्यांचं डोकं दुखतंय, ते तसेच आहेत, मनाने फार चांगले. शेजाऱ्यांना, बांना, स्वतःच्या आईला. आता मुलीलाही. पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी गोळधाणा ठरला होता. गूळ आणि धणे दोन्ही घरच्या माणसांच्या तोंडात पडले की बोलणं पक्कं. ओल्या रुमालाने ओटा पुसत असताना हर्षिदाला धैवत आठवला. पौलोमीच्या कॉलेजातला, मोठमोठ्याने हसणारा, दोन वर्षांपूर्वी घरी यायचा, येताना स्वतःच गाठियाची पुडी आणायचा आणि स्वतःच संपवायचा. उशीर झाला की दारातूनच सांगायचा, “आंटी, चिडलोय मी आज, पौलोमीने मला उन्हात अर्धा तास उभं केलं,” आणि दहा मिनिटांनी विसरायचा. पौलोमीने त्याला नाही म्हटलं. का, विचारल्यावर छातीवर हात ठेवून म्हणाली होती, “त्याच्याबरोबर इथे काही होतच नाही, मम्मी. नैषध समोर आला की मला श्वास घ्यायचीसुद्धा आठवण राहत नाही.” हर्षिदाला तेव्हा ते ऐकून बरं वाटलं होतं. तिला वाटलं होतं, मुलीला तेच मिळालं जे मला मिळालं होतं.

सोमवार गेला, मंगळवार गेला. पौलोमी फोन पालथा ठेवायची, मग सुलटा करायची. आंघोळीला जाताना बाथरूमच्या कट्ट्यावर ठेवायची. मंगळवारी संध्याकाळी तिने आंब्याच्या वड्या डब्यात भरल्या आणि त्याच्या ऑफिसात नेऊन दिल्या, परत आली तेव्हा म्हणाली, “मीटिंगमध्ये होता. प्यूनकडे ठेवून आले.” तोच प्यून. हर्षिदा शिकवायची त्या शाळेला सुट्टी असल्याने ती घरीच होती आणि मुलीचं सगळं तिला दिसत होतं, ताटातला भात एका बाजूला सारलेला, रस्त्यावर मोटारीचं दार वाजलं की वळणारी मान. एकदा ती पौलोमीच्या खोलीत गेली तर पौलोमी फोनवर काही लिहीत होती, खोडत होती, पुन्हा लिहीत होती. ओठ हलत होते. हर्षिदा न बोलता मागे फिरली आणि पॅसेजमध्ये भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पालनपूर ते महेसाणा. तिला तो रस्ता दिसत होता, दोन्ही बाजूंनी एरंडाची शेतं आणि मधे मुलगी, माफीचं वाक्य जुळवत.

बुधवारी दुपारी पौलोमी इस्पितळातून लवकर आली, गाणं गुणगुणत. चपला इकडेतिकडे फेकल्या, मागून येऊन आईला मिठी मारली, घामाने आणि औषधी तेलाने भरलेले हात तिच्या गळ्यात टाकले. “मम्मी, फोन आला होता. म्हणाला, शनिवारी त्या नवीन जागी जेवायला जाऊ या का. असं, जसं काही झालंच नाही. मी उगाच घाबरले होते. किती चांगला आहे गं तो. मनात काही ठेवत नाही.” तिचे डोळे भरले होते. गाल तापले होते. ती इतकी सुंदर दिसत होती की हर्षिदाला बघवेना. मुलीचं रडणं तिने सहन केलं असतं. हा आनंद तिला सहन झाला नाही. याच आनंदावर आपण आयुष्य काढलं, तिच्या मनात आलं, महिन्या-दोन महिन्यांनी मिळणाऱ्या या अर्ध्या दिवसावर; आणि मधल्या दिवसांना आपण काहीच नाव दिलं नाही.

त्या संध्याकाळी उपेंद्र पेपर घेऊन बसला होता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून तो पेपर दोनदा वाचायचा, सकाळी बातम्या आणि संध्याकाळी उरलेलं. हर्षिदा समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसली. “मी काय म्हणते, गोळधाणा जरा पुढे ढकलू या.”

“का?”

“मुलगा अबोला धरतो.”

हा शब्द त्या घरात कधी उच्चारला गेला नव्हता. उपेंद्रने पेपर खाली केला नाही, पण त्याची नजर एका जागी थांबली. “रविवारी तर चांगला बोलत होता.”

“तुमच्याशी. पौलोमीशी नाही. तिने पालीचं सांगितलं तेव्हापासून आज दुपारपर्यंत नाही.”

“मग तिने चार लोकांत सांगायला नको होतं.” पान उलटलं गेलं. “आणि गप्प बसणं भांडणापेक्षा बरं. काही फेकून तर मारत नाही ना.”

“ती जेवत नव्हती.”

“तुम्ही बायका प्रत्येक गोष्ट वाढवता.”

“मीही जेवत नव्हते,” हर्षिदा म्हणाली. तिचा आवाज तिला कोणा दुसऱ्या बाईचा वाटला, शाळेतल्या कोणाचा तरी, धीट. “तुम्ही बोलायचा नाहीत तेव्हा. माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. तुम्हाला माहीत होतं का?”

उपेंद्रने पेपरची घडी घातली, त्या घडीवर पुन्हा घडी, उठला, चपला घातल्या आणि फिरायला गेला. परत आला तेव्हा सुरू झालं होतं. तिला ते दारातच कळलं, किल्ली ठेवायच्या आवाजावरून. पूर्वी या घटकेला तिचे हात आपोआप कामाला लागायचे: त्याच्या आवडीचा खरपूस हांडवो, इस्त्रीचे सदरे, त्याच्या खोलीतला पंखा पुसणे. शरीर आताही तयारच होतं, पाय स्वयंपाकघराकडे वळलेच होते. तिने स्वतःला खुर्चीत बसवलं आणि टीव्ही लावला. काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. एखादं मोठं पाप केल्यासारखं वाटत होतं. तिने वरणभात केला, तोही रोजचाच.

दुसऱ्या दिवशी पौलोमीच्या गोळधाण्याच्या साडीचा ब्लाउज शिवायला द्यायचा होता. दोघी स्कूटरवरून रतनपोळच्या बाजारात गेल्या, उन्हासाठी ओढण्या तोंडाला गुंडाळून. शिंप्याकडचं काम झाल्यावर हर्षिदा म्हणाली, “जरा गार काहीतरी घेऊ या.” थंडगार दुकानात, कोपऱ्यातल्या टेबलाशी, तिने राजभोग आइस्क्रीम मागवलं आणि मग, ते वितळायला लागलं तरी हात न लावता, सांगायला सुरुवात केली. नीट सांगता आलं नाही. ती शालीपासून सुरू झाली, मग नैषधच्या पाण्यावर आली, मग पुन्हा मागे गेली.

पौलोमीने मधे थांबवलं. “थांब. तू पप्पांबद्दल बोलतीयस?”

“हो.”

“पप्पांनी तुझ्यावर आयुष्यात आवाज चढवला नाही. माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या घरी किती शांतता असते. नूपुर अभ्यासाला आमच्याकडे यायची, तिच्या घरी ताटं फेकायचे म्हणून. आठवतं ना?”

“आठवतं. मी तुला कळू दिलं नाही.”

“मग आत्ता का कळू देतीयस? साडी घेतल्यावर?” पौलोमीचा आवाज खाली होता पण टेबलाची कड तिने घट्ट धरली होती. “माणूस दुखावला तर गप्प बसतो. सगळे बसतात. मी चार लोकांत त्याची टिंगल केली, त्याला लागलं, त्याने वेळ घेतला. यात काय एवढं? तू ना मम्मी, पहिल्यापासूनच घाबरट आहेस. पप्पांना जरा सर्दी झाली तरी तू घाबरतेस. तुझं घाबरणं मला देऊ नकोस.”

“बेटा, तुला काल एवढा आनंद कशाचा झाला होता?”

“कशाचा म्हणजे?”

“त्याने काय केलं होतं? जेवायला जाऊ या म्हणाला. एरवी कोणी तुला जेवायला जाऊ या म्हटलं तर तू रडतेस का?”

पौलोमी तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पर्स उचलली. “तू रिक्षाने ये,” ती म्हणाली आणि निघून गेली. काचेच्या दारातून हर्षिदाला ती दिसली, ओढणी तोंडाला गुंडाळताना. गाठ दोनदा सुटली. हर्षिदा दोन्ही पेल्यांतलं आइस्क्रीम पाणी होईपर्यंत तिथेच बसून राहिली. आपण मुलीला वाचवायला निघालो आणि तिचं घर तेवढं मोडलं, असं तिला वाटलं. तिचं होणारं घर नव्हे, लहानपणचं. आणि त्याच वेळी, लाज वाटावी असं, छातीत थोडी जागा झाल्यासारखंही वाटलं. कोणाला तरी सांगितलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते शब्द हवेत बाहेर आले होते आणि छप्पर कोसळलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तिघं जेवायला बसली. पौलोमी आईकडे बघत नव्हती, उपेंद्र तर बघतच नव्हता. पंखा फिरत होता. खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी घरी कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. उपेंद्रने ताकाचा घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि अगदी सहज, नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, “पौलोमी, मम्मीला सांग, ताकात मीठ नाही.”

हर्षिदा त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती.

पौलोमीने घास खाली ठेवला आणि मान वळवली. “मम्मी, पप्पा म्हणतायत की ताकात—” आणि ती थांबली. मीठदाणी टेबलाच्या मधोमध होती, तिघांच्याही हाताला येईल अशी. हर्षिदाला दिसत होतं की मुलीच्या चेहऱ्यामागे काहीतरी भराभर मागे पळतंय, आणि तिला माहीत होतं ते कुठवर जाणार: शाळेच्या निळ्या फ्रॉकमधली पौलोमी, दोन वेण्या, बाल्कनी ते स्वयंपाकघर धावत, ‘मम्मी, पप्पांचा टॉवेल कुठंय’, ‘पप्पा, मम्मी म्हणते पानं वाढलीत’, धापा टाकत, डोळे चमकत. हर्षिदाला वाटायचं, बरं झालं, तिला खेळ वाटतोय.

“पप्पा,” पौलोमी हळू म्हणाली, “मम्मी इथंच बसलीय.”

उपेंद्र उठला, हात धुतले आणि बाल्कनीत गेला. झोपाळ्याच्या कड्या एकदा वाजल्या आणि गप्प झाल्या.

“लहान असताना मी हेच करायचे ना?” पौलोमीने विचारलं.

“हो.”

“मला वाटायचं, तुम्ही मला किती महत्त्वाचं काम देता. मी शाळेत सांगायचे सगळ्यांना.” तिने मीठदाणी उचलली, हातात धरली, पुन्हा ठेवली. मग दोघी जेवल्या.

शनिवारी पौलोमी नैषधबरोबर त्या नवीन जागी जेवायला गेली. परत आली तेव्हा सांगितलं तेवढंच हर्षिदाला माहीत. तिने त्याला म्हटलं होतं: मी चुकले तर चिड, भांड, लोकांत सांगितलं म्हणून मला बोल, पण मी समोर असताना नसल्यासारखं वागू नकोस, मला ते सोसत नाही. नैषधने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “तू फार विचार करतेस,” तो म्हणाला, “एवढ्याशा गोष्टीचा.” वेटरला हसून बिल मागितलं, तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं, खाली सोडलं. आणि त्यानंतर बोलला नाही. रविवारी नाही, सोमवारी नाही. या वेळी पौलोमीने काहीच लिहिलं नाही. ते न लिहिणं तिला किती जड जात होतं ते हर्षिदा बघत होती. ती फोन कपाटात साड्यांखाली ठेवायची आणि तासाभराने जाऊन काढायची. तिचा चेहरा उतरला. इस्पितळात एका म्हाताऱ्या पेशंटने तिलाच विचारलं, बेन, तुमचं काय दुखतंय. गोळधाण्याच्या आदल्या दिवशी नैषधच्या आईचा फोन आला, अतिशय गोड. मुलाचं मन जरा थाऱ्यावर नाही, सध्या राहू दे, पुढे बघू. हर्षिदा म्हणाली, “बरं.” तिला स्वतःचंच नवल वाटलं की ती आणखी काही म्हणाली नाही, माफीसुद्धा नाही.

कुमुदबेनने मात्र फोनवर काही बाकी ठेवलं नाही. आवाज इतका मोठा होता की उपेंद्रने फोन कानापासून लांब धरला होता आणि हर्षिदाला आत ऐकू येत होता: “भाभीनेच पोरीचे कान भरले असणार. सोन्यासारखा मुलगा घालवला. तू काही बोलत कसा नाहीस?” उपेंद्र म्हणाला, “कान भरले नाहीत. जे पाहिलं ते तिने सांगितलं.” आणि फोन ठेवला. तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला. त्या संध्याकाळच्या पेपरनंतर तो हर्षिदाशी बोलला नव्हता. आता तो चौकटीला हात लावून उभा होता, लाकडावर काही लिहिलेलं असावं तसा तिथे बघत. “मला सुचत नाही,” तो म्हणाला. “राग आला की काय बोलायचं ते सुचत नाही. आमचे बापुजी बांशी एकदा वर्षभर बोलले नव्हते. आम्हाला वाटायचं तसंच असतं. आणि मग जितका वेळ जातो तितकं...”

हर्षिदा वाट बघत राहिली. त्याच्या वाक्याची नव्हे, स्वतःच्या अंगात ते काहीतरी वाहण्याची, भिंतीला टेकायला लावणाऱ्या त्या आनंदाची. तो आला नाही. तिला फक्त एक म्हातारा होत चाललेला माणूस दिसला, ज्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलं होतं, आणि त्याची तिला कीव आली, आणि त्या किवेमागे जुना, थिजलेला राग होता, जो कीव आली म्हणून कमी होत नव्हता. “सुचत नसेल तर सुचत नाही असं म्हणा,” ती म्हणाली. “तेवढंही चालेल.” त्याने मान हलवली. ती होकाराची होती की नाही ते तिला कळलं नाही.

गुरुवारी सकाळी, जेव्हा घरात पाहुणे यायचे होते, तेव्हा पौलोमी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली होती, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून, रात्रीच्याच कपड्यांत. हर्षिदा तिच्यासमोर गवार मोडत होती. उपेंद्र दूध आणायला खाली गेला होता.

“मम्मी, अजून त्याला फोन करावासा वाटतो,” पौलोमी म्हणाली. “आत्तासुद्धा. इथे असं ओढल्यासारखं होतं. हेच प्रेम असेल तर? मी प्रेमच सोडून दिलं असेल तर?”

हर्षिदाच्या ओठांवर कितीतरी वाक्यं आली, सगळी धीर देणारी, सगळी तिने आयुष्यभर वापरलेली. तिने ती एकेक करून जाऊ दिली. “मला माहीत नाही,” ती म्हणाली. “मला त्यातला फरक कधी कळलाच नाही, बेटा. भीती वाटायची, तिलाच मी प्रेम म्हणत राहिले. थोडं प्रेमही असेल त्यात. आता वेगळं करायला गेले तर निघत नाही.”

पौलोमी रडायला लागली, पण पूर्वीसारखी घाईने डोळे पुसत नाही. रडू येतंय तसं. हर्षिदाने ताट बाजूला केलं आणि तिच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. गुडघे दुखले. पौलोमीने विचारलं, “तू कशी राहिलीस गं? मला नीट सांग. त्या दिवशी मी ऐकलं नाही.”

हर्षिदा सांगू लागली. या वेळी क्रमाने, आबूपासून. निळ्या पडद्यांची बस, बडीशेप, पालनपूर. बाहेरचं दार उघडलं आणि लागलं. पिशवीतल्या दुधाच्या थैल्या टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, पावलं पॅसेजमधून आली आणि स्वयंपाकघराच्या पडद्यापाशी थांबली. पडद्याखाली उपेंद्रचे पाय दिसत होते, चपला न काढलेले. ते आत आले नाहीत, आणि माघारीही फिरले नाहीत. पौलोमीने ते पाहिलं आणि आईकडे पाहिलं. हर्षिदा घोटभर पाणी प्यायली आणि महेसाण्यापासून पुढे सांगायला लागली, तेवढ्याच आवाजात.